निळ्या रेघांतले सिद्ध: चिनी मातीच्या भांड्यांवरचा ताओ कसा ओळखावा

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ९५ क्रमांकाच्या दालनात निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या दोन उंच फुलदाण्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. उंची साधारण ६३ सेंटिमीटर. मानेच्या दोन्ही बाजूंना हत्तीच्या तोंडाचे कान, पोटावर ढगांतून वळणं घेत गेलेला चार नख्यांचा ड्रॅगन, खाली लाटा आणि वेलबुट्टी. बघणारे बहुतेक जण ड्रॅगनपाशीच थांबतात. पण खरी गोष्ट मानेवर आहे. तिथे केळीच्या पानांची नक्षी काढली आहे आणि त्या पानांच्या मधल्या जागेत बारीक चिनी अक्षरांच्या उभ्या ओळी आहेत.

त्या ओळींचा मथितार्थ असा: युशान भागातला झांग वेनजिन नावाचा भाविक एक धूपदाणी आणि फुलदाण्यांची जोडी आनंदाने देवाला वाहतो आहे. घरादाराचं कुशल असावं, मुलाबाळांना सुखात ठेवावं, एवढीच त्याची मागणी आहे. पुढे तारीख दिली आहे, ती इसवी सन १३५१ च्या चौथ्या चांद्रमासातली. ज्या देवळाला हे दान दिलं ते ताओ पंथाचं होतं. जोडीबरोबरची धूपदाणी मात्र आजवर सापडलेली नाही.

या फुलदाण्यांना ‘डेव्हिड फुलदाण्या’ म्हणतात, आणि या नावाशी मुंबईचं खरं नातं आहे. सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. वडील सर ससून डेव्हिड हे बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक. मुलाने आयुष्य चिनी मातीच्या अभ्यासाला वाहिलं. ताटातूट होऊन दोन वेगवेगळ्या संग्रहांत गेलेल्या या फुलदाण्या त्यांनी एकेक करून मिळवल्या आणि पुन्हा जोडी लावली. त्यांच्यावर तारीख असल्यामुळे चौदाव्या शतकातली बाकीची निळी-पांढरी भांडी ओळखायला अभ्यासकांना पक्का आधार मिळाला.

हे मी आधी सांगतोय त्याला कारण आहे. या फुलदाण्यांवर ताओ पंथातला एकही सिद्धपुरुष नाही. आहे ती एका बापाची मागणी, आणि तीही अक्षरांत. पुढच्या तीनशे-चारशे वर्षांत भांड्यांवर जे सिद्ध, पक्षी, फळं आणि खुणा आल्या, त्या सगळ्यांना मी हीच मागणी समजतो. फरक इतकाच की ती आता चित्रांत मांडलेली आहे. एवढं ध्यानात ठेवलं की ही भांडी वाचता येतात.

आधी ‘ताओ’ म्हणजे काय ते पाहू. शब्दाचा साधा अर्थ वाट. चिनी उच्चार ‘दाव’च्या जवळ जातो, पण मराठीत ताओ रूढ आहे, तेच ठेवतो. सारं जग ज्या सहज गतीने चाललंय, ती वाट. तिच्याशी झगडू नये, तिच्यासोबत वाहावं. हा विचार मांडणारे लाओत्से चित्रांत रेड्यावर बसलेले दिसतात. राज्यकारभाराला कंटाळून ते पश्चिमेच्या खिंडीतून निघून चालले होते. तिथल्या यिन शी नावाच्या अधिकाऱ्याने त्यांना अडवून विनवलं, जाता जाता काहीतरी लिहून द्या. त्यांनी जेमतेम पाच हजार अक्षरांचा ग्रंथ लिहून दिला आणि ते दिसेनासे झाले, अशी आख्यायिका आहे. भांड्यावर रेड्यावर बसलेला म्हातारा आणि त्याच्यापुढे नम्रपणे उभा असलेला अधिकारी दिसला, तर तो हाच प्रसंग.

या विचाराभोवती हळूहळू एक संपूर्ण धर्म उभा राहिला. देवळं आली, पुरोहित आले, श्वासाचे अभ्यास, औषधी वनस्पती आणि किमया आली. पारा आणि हिंगूळ यांच्यापासून अमरत्वाचं औषध बनवण्याचे प्रयोग सुरू झाले. काहींनी ती भट्टी स्वतःच्या देहात पेटवायची असं म्हणत योगाची वाट धरली. या साधनेतून मरणापलीकडे गेलेल्या माणसाला चिनीत ‘श्येन’ म्हणतात. हे अक्षर दोन चिन्हांचं बनलंय: एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला डोंगर. डोंगरात राहायला गेलेला माणूस. त्याला देव म्हटलं तर अर्थ निसटतो. आपल्याकडे नाथपंथात ‘सिद्ध’ म्हणतात, तो शब्द मला जास्त जवळचा वाटतो, कारण सिद्ध हा आधी माणूस असतो.

आता भांड्याकडे येऊ. मराठीत आपण लोणच्याच्या बरणीलाही चिनी माती म्हणतो आणि चहाच्या नाजूक कपालाही. बरणीची माती भरड आणि जाड असते, वरून चकाकी दिलेली. खरी चिनी माती वेगळी. तिच्यात दोन गोष्टी लागतात: पांढरीशुभ्र केओलिन माती आणि एका विशिष्ट दगडाची पूड. केओलिन हे नावच ‘गाओलिंग’ म्हणजे ‘उंच टेकडी’ या गावावरून आलं. ही टेकडी ज्यांग्शी प्रांतातल्या जिंगदेजेन शहराजवळ आहे. शेकडो वर्षं बादशाही भांडी घडवणाऱ्या भट्ट्या याच शहरात होत्या. सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजल्यावर ही माती काचेसारखी घट्ट होते. टिचकी मारली की घंटेसारखी वाजते आणि पातळ असेल तर तिच्यातून उजेड दिसतो.

निळा रंग कोबाल्टचा. त्याचं खनिज कुटून पाण्यात कालवायचं आणि अजून न भाजलेल्या कोरड्या भांड्यावर कुंचल्याने चित्र काढायचं. इथेच सगळं कसब आहे. कच्ची माती टीपकागदासारखी पाणी शोषते. कुंचला टेकला की रेघ उमटली. पुसता येत नाही, गिरवता येत नाही. शिवाय काढताना रंग निळा दिसतच नाही, काळपट राखाडी दिसतो. वर चकाकीचा थर देऊन भट्टीत घातल्यावर आगीतून तो निळा होऊन बाहेर येतो. सुरुवातीचा कोबाल्ट इराणकडून यायचा. त्यात लोहाचं प्रमाण जास्त असल्यामुळे रंग जिथे साचे तिथे काळसर ठिपके उठायचे. आज त्याच ठिपक्यांवरून जाणकार जुनी भांडी ओळखतात.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दांत्रकोल नावाचे फ्रेंच जेझुइट पाद्री जिंगदेजेनमध्ये राहिले होते. १७१२ आणि १७२२ साली त्यांनी लिहिलेली दोन लांबलचक पत्रं प्रसिद्ध आहेत. ते सांगतात की एक भांडं तयार होईपर्यंत सत्तर हातांतून जातं. एक कारागीर फक्त बाह्यरेषा काढतो, दुसरा फक्त रंग भरतो. म्हणजे चित्रातला सिद्ध ज्याने काढला त्याने ताओचे ग्रंथ वाचले असतीलच असं नाही. त्याच्या हातात मात्र खूण पक्की बसलेली होती: कुबडी काढली, तुंबा काढला, की हा अमुक. बघणाऱ्यालाही तेवढंच पुरे होतं.

ही पद्धत आपल्याला मुळीच परकी नाही. विष्णूच्या मूर्तीच्या हातांतले शंख, चक्र, गदा आणि पद्म यांचा क्रम बदलला की नाव बदलतं: केशव, माधव, जनार्दन. चेहरा तोच, ओळख आयुधांवरून. भांड्यांवरचे आठ सिद्धही असेच ओळखायचे असतात. चिनीत त्यांना ‘बाश्येन’ म्हणतात. ‘बा’ म्हणजे आठ.

त्या आठांत माझं सर्वांत जास्त लक्ष जातं ते ली त्येग्वायकडे. नावाचाच अर्थ ‘लोखंडी कुबडीवाला ली’. चित्रात तो कुरूप, दाढीमिशा वाढलेला, एका पायाने अधू भिकारी असतो. एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात तुंबा, आणि तुंब्याच्या तोंडातून बहुधा वाफेची एक वळणदार रेघ निघालेली. गोष्ट अशी सांगतात की ली मुळात देखणा साधक होता. लाओत्सेंना भेटायला त्याचा आत्मा देह सोडून गेला. जाताना त्याने शिष्याला बजावलं, सात दिवस देह सांभाळ, परत आलो नाही तर जाळून टाक. सहाव्या दिवशी शिष्याची आई मरणाला टेकल्याचा निरोप आला. शिष्याला घरी जाणं भाग होतं, त्याने देह जाळला आणि तो निघाला. सातव्या दिवशी ली परतला तर राखच उरलेली. जवळच एका लंगड्या भिकाऱ्याचं प्रेत पडलं होतं. तो त्यात शिरला.

परकायाप्रवेशाची गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. मच्छिंद्रनाथांनी त्रिविक्रम राजाच्या देहात प्रवेश केल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ही कथा इकडून तिकडे गेली किंवा तिकडून इकडे आली असं मी म्हणत नाही. पण मच्छिंद्रनाथांना राजाचा देह मिळाला आणि लीला भिकाऱ्याचा, हा फरक मला फार बोलका वाटतो. ताओ परंपरेने आपल्या आठ मोठ्या सिद्धांत लंगड्या भिकाऱ्याला मानाची जागा दिली. शिष्यावर तो रागावला नाही, उलट तुंब्यातलं औषध देऊन त्याच्या आईला उठवलं, असंही काही जण सांगतात. म्हणून औषधाचा तुंबा त्याचीच खूण झाला.

दुसरा ल्यू दोंगबिन. पाठीवर तलवार, हातात चवरी, वेश विद्वानाचा. परीक्षा द्यायला निघालेला हा तरुण वाटेत एका खाणावळीत थांबला. तिथे एक म्हातारा चुलीवर बाजरीसारख्या धान्याची खीर शिजवत होता. ल्यूला डुलकी लागली. स्वप्नात तो परीक्षा पास झाला, मोठ्या पदावर चढला, लग्न झालं, मुलं झाली, नंतर मर्जी गेली, घरदार उद्ध्वस्त झालं, हद्दपारी नशिबी आली. दचकून जागा झाला तर खीर अजून शिजली नव्हती. तो म्हातारा म्हणजे जोंगली छ्वान, आठांतलाच आणखी एक सिद्ध. उघडं पोट आणि हातातला पंखा यांवरून तो कुठेही पटकन सापडतो. परीक्षेला न जाता ल्यू त्याचा शिष्य झाला.

बाकीचे भरभर सांगतो. जांग ग्वोलाव गाढवावर उलटा बसतो. मुक्कामाला पोचला की गाढवाची कागदासारखी घडी करून ठेवतो आणि पुन्हा लागलं की पाणी शिंपडून त्याला उभं करतो. हातात बांबूच्या नळीचा ढोल. हान श्यांगत्झी बासरीवाला. त्साओ ग्वोज्यू राजाचा मेहुणा, म्हणून अंगात दरबारी झगा आणि हातात चिपळ्या. हो, आपल्या कीर्तनातल्या चिपळ्यांच्याच जातीच्या दोन पट्ट्या. लान त्सायहं फुलांची परडी घेऊन भटकतो, एका पायात बूट, दुसरा अनवाणी. कधी त्याला पुरुष काढतात, कधी स्त्री. आणि हं श्येनगू, हातात कमळ घेतलेली. निर्विवादपणे स्त्री म्हणावी अशी आठांत ती एकटीच. राजाचा मेहुणा, भिकारी, गवई, म्हातारा, तरुण, बाई: समाजातलं सगळ्या थरांतलं माणूस या आठांत आहे. म्हणूनच ते लोकांना इतके प्रिय झाले असावेत.

हे आठही एकत्र समुद्र ओलांडताना दिसले तर तो त्यांचा सगळ्यांत गाजलेला प्रसंग. नाव नाही, होडी नाही. प्रत्येकाने आपापली वस्तू पाण्यावर टाकली आणि तिच्यावर उभं राहून समुद्र पार केला. चिनी भाषेत यावरून म्हणच पडली आहे: आठ सिद्धांनी समुद्र ओलांडला, ज्याने त्याने आपली करामत दाखवली. गोल भांड्यावर हा प्रसंग विशेष खुलतो. भांडं हातात फिरवत गेलं की लाटा संपतच नाहीत, आणि एकामागून एक सिद्ध समोर येत राहतो.

आता पक्षी, प्राणी आणि फळं. यांचा अर्थ लावायला चिनी भाषेचा एक गुण माहीत हवा. तिच्यात सारख्या उच्चाराचे शब्द भरपूर आहेत, त्यामुळे श्लेष सहज होतो. आपल्याकडे श्लेष पंडितांच्या कवितेत रमला. तिकडे तो भांड्यावर, कापडावर, दारावर उतरला. वटवाघळाला ‘फू’ म्हणतात आणि सुखसमृद्धीलाही ‘फू’. आपल्या घरात वटवाघूळ शिरलं तर आपण अपशकुन मानतो; चिनी घरात ते चित्रातून मुद्दाम बोलावलं जातं. पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य आणि शांती, सदाचाराची आवड, आणि आयुष्य पुरं जगून आलेलं मरण. शेवटचं सुख वाचून मी दरवेळी थबकतो. हरणाचा उच्चार ‘लू’, तोच अधिकाऱ्याच्या वेतनाचा. फुलदाणी ‘पिंग’, शांतीही ‘पिंग’. कमरेत आवळलेल्या तुंब्याला ‘हूलू’ म्हणतात, आणि तो उच्चार ‘फू’ आणि ‘लू’ या दोहोंच्या जोडीजवळ जातो.

काही खुणा मात्र श्लेषाविना थेट कथांतून आल्या. पीच हे फळ त्यातलं मुख्य. पश्चिमेला कुनलुन पर्वतावर शीवांगमू ही पश्चिमेची राजमाता राहते. तिच्या बागेतल्या पीचला तीन हजार वर्षांतून एकदा फळ येतं आणि ते खाणारा अमर होतो. हान वंशाच्या वू राजाला तिने ती फळं खायला दिली. राजा बिया जपून ठेवू लागला, तेव्हा ती हसून म्हणाली, तुझ्या जमिनीत हे उगवणार नाही. त्याच राजाच्या दरबारातला दोंगफांग श्वो मात्र तिच्या बागेतून तीनदा फळं चोरून आला, असं सांगतात. खांद्यावर पीचची फांदी टाकून, मागे वळून बघत पळणारा म्हातारा भांड्यावर दिसला तर तो हा चोर. लिंगझी ही अळंबीही अशीच. झाडाच्या बुंध्यावर वाढते, आकार कुरळ्या ढगासारखा, आणि अमरत्वाचं औषध म्हणून तिची ख्याती. क्रौंच पक्षी, म्हणजे आपल्या सारसाचा भाऊबंद, सिद्धांचं वाहन.

या साऱ्या खुणा एका माणसामुळे भांड्यांवर अक्षरशः दाटून आल्या. तो मिंग वंशाचा ज्याजिंग बादशहा. १५२१ साली, अजून मिसरूड फुटायच्या वयात, तो गादीवर आला. ताओ विधींचं त्याला वेड होतं. १५४२ साली महालातल्या काही दासींनी झोपेत त्याचा गळा दोरीने आवळण्याचा प्रयत्न केला. दोरीची गाठ नीट बसली नाही म्हणून तो वाचला. त्यानंतर मुख्य राजवाडा सोडून तो पश्चिमेच्या बागेतल्या महालात राहायला गेला, रोजचा दरबार त्याने टाकला आणि उरलेलं आयुष्य अमरत्वाच्या शोधात घालवलं. विधींसाठी निळसर-हिरव्या कागदावर तांबड्या शाईने प्रार्थना लिहाव्या लागत. त्या सुंदर लिहिणाऱ्या मंत्र्यांना बढत्या मिळत. १५६७ च्या जानेवारीत तो वारला. जी औषधं तो अमर होण्यासाठी घेत होता, त्यांतल्या पाऱ्यासारख्या विषांनीच त्याचं शरीर पोखरलं असावं, असं अनेक इतिहासकार मानतात.

त्याच्या काळातली भांडी एकदा पाहिली की विसरत नाहीत. निळा रंग गडद, जांभळ्याकडे झुकलेला. ढगांतून उडणारे क्रौंच, सगळ्या बाजूंनी लिंगझी, मधोमध ‘शौ’ हे दीर्घायुष्याचं अक्षर. कारागिरांनी केलेली एक गोष्ट मला फार आवडते: पाईन वृक्षाचं खोड असं पिळवटून काढायचं की ते खोडच ‘शौ’ हे अक्षर होतं. थंडीतही हिरवा राहणारा पाईन स्वतःच दीर्घायुष्याची खूण, आणि त्याच्या अंगानेच शब्द लिहिलेला. तुंब्याच्या आकाराच्या फुलदाण्याही याच काळात खूप झाल्या. त्यांतल्या काहींचा वरचा फुगा गोल आणि खालचा चौकोनी असतो. आकाश गोल, पृथ्वी चौकोनी, ही जुनी चिनी कल्पना. एका फुलदाणीत दोन्ही एकावर एक उभी केली.

धूपदाण्यांवर आणि वाडग्यांवर तीन-तीन आडव्या रेघांची आठ चिन्हं दिसतात, ‘बाग्वा’ नावाची. अखंड रेघ म्हणजे यांग, उजेडाचं आणि उष्णतेचं तत्त्व; मधे तुटलेली रेघ म्हणजे यिन, अंधाराचं आणि गारव्याचं. तिन्ही अखंड म्हणजे आकाश, तिन्ही तुटक म्हणजे पृथ्वी. दोन अखंड रेघांत एक तुटक अडकली की अग्नी. दोन तुटक रेघांत एक अखंड अडकली की पाणी. देहातली किमया करणारे ताओ साधक याचा अर्थ असा लावत: पाण्याच्या पोटात अडकलेली अखंड रेघ उचलून अग्नीच्या पोटात बसवायची, अग्नीतली तुटक रेघ पाण्यात ठेवायची. मग काय होतं ते कागदावर काढून पाहा. एकीकडे शुद्ध आकाश उरतं, दुसरीकडे शुद्ध पृथ्वी. माणूस जन्माला येताना ज्या अवस्थेत होता तिथे परत जातो, असा त्यांचा विश्वास. साधनेचा एवढा मोठा आराखडा वाडग्याच्या काठावर आठ छोट्या चिन्हांत मावलेला असतो.

दीर्घायुष्याची मागणी ज्याच्याकडे करायची तो देव म्हणजे शौलाव, सगळ्यांच्या ओळखीचा. ठेंगणा म्हातारा, पांढरी दाढी, फुगून वर आलेलं टक्कल पडलेलं कपाळ, हातात वाकडी काठी आणि पीच, बाजूला हरीण आणि क्रौंच. आठही सिद्ध त्याला वंदन करायला निघाल्याचं चित्र पुष्कळ भांड्यांवर आहे. शौलाव मुळात एक तारा आहे, ‘दक्षिण ध्रुवावरचा म्हातारा’. आणि तो तारा आपल्या चांगलाच ओळखीचा आहे: अगस्त्य.

हे कळलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. अगस्त्य फार दक्षिणेकडे आहे. बीजिंगहून तो कधीच दिसत नाही. शीआनसारख्या जुन्या राजधानीतून दिसला तर क्षितिजाला टेकलेला, जेमतेम. म्हणून तो दिसणं हेच भाग्य. तो दिसला की राज्यात शांतता नांदते, असं चिनी ज्योतिषी मानत. महाराष्ट्रातून तोच तारा हिवाळ्याच्या रात्री दक्षिणेला चांगला वर, ठळक चमकताना दिसतो. आपल्या परंपरेत तो विंध्य ओलांडून दक्षिणेत गेलेला ऋषी झाला, आणि पावसाळ्याच्या शेवटी तो उगवला की नद्यांचं पाणी निवळतं असं मानलं गेलं. तारा एकच. दोघांनीही त्याच्यात दक्षिणेतला वृद्ध तपस्वीच पाहिला.

१६२० नंतर मिंग दरबार डळमळीत झाला, बादशाही मागण्या आटल्या आणि जिंगदेजेनच्या कारागिरांना नवी गिऱ्हाइकं शोधावी लागली. याच काळात छापील पुस्तकांतल्या लाकडी ठशांच्या चित्रांवरून कथाप्रसंग भांड्यांवर जास्त येऊ लागले. पुढे छिंग वंशाच्या कांगशी बादशहाच्या काळात हे काम फार उंचीला गेलं. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात त्या काळातलं एक मोठं निळं-पांढरं पात्र आहे, त्याच्यावर ‘शौ’ हे एकच अक्षर दहा हजार वेळा लिहिलंय. आपल्याकडे रामनामाचा लिखित जप करतात, तशी ही दीर्घायुष्याची वही.

छिंग काळात आणखी एक सुंदर प्रकार रुजला, ‘लपलेले आठ सिद्ध’. माणसं काढायचीच नाहीत, फक्त त्यांच्या वस्तू काढायच्या. पंखा, तलवार, तुंबा, ढोल, बासरी, चिपळ्या, परडी, कमळ. फितींनी बांधून, भांड्याभोवती फिरवून. आपण रांगोळीत पावलं काढतो आणि लक्ष्मी आली म्हणतो, तशातलाच हा प्रकार. जाणणाऱ्याला आठही जण समोर उभे दिसतात.

न जाणणाऱ्यांपर्यंतही या खुणा गेल्या. मकावहून मलाक्का, मलाक्काहून गोवा, गोव्याहून लिस्बन, या पोर्तुगीज वाटेने चिनी मातीची भांडी युरोपात पोचली. जुन्या गोव्याच्या अवशेषांत त्यांची निळी-पांढरी खापरं मिळाली आहेत. १६०३ साली डचांनी ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं आणि त्यातला माल ॲम्स्टरडॅमला लिलावात काढला, तेव्हा युरोपला या भांड्यांची चटक लागली. त्यांच्या काठावरच्या चौकटींत तुंबे, पंखे, गुंडाळलेले कागद असत. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या कुंभारांनी ती नक्कल आपल्या मातीवर केली. नक्षी तिथे पोचली, तिच्यातला आशीर्वाद मात्र वाटेतच राहिला.

मुंबईत तो दुसऱ्या वाटेने आला. एकोणिसाव्या शतकात चीनशी व्यापार करणाऱ्या पारशी कुटुंबांनी कँटनहून रेशमी भरतकाम आणलं, तोच गारा. पारशी गाऱ्यावर उडणारे क्रौंच, लिंगझीचे कुरळे आकार आणि ‘चीना-चीनी’ म्हणजे पुलावर, मंडपात बसलेल्या चिनी स्त्री-पुरुषांची नक्षी असते. म्हणजे भांड्यांवरची चित्रभाषा लग्नाच्या साडीवर आली. आणि प्रत्यक्ष भांडी पाहायची तर लंडनला जायची गरज नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी कलावस्तू आहेत. तिथे गेलात तर काचेच्या एकाच बाजूने पाहून पुढे सरकू नका. शक्य असेल तेवढं भोवती फिरा, कारण यातली चित्रं भोवती फिरूनच पुरी होतात. आधी हातांकडे बघा, मग पायांशी कोणता प्राणी आहे ते बघा, चेहरा शेवटी.

तुंब्याची एक गोष्ट राहिली. हान काळात रूनान गावच्या बाजारात एक म्हातारा औषधं विकायचा. त्याच्या दुकानावर एक तुंबा टांगलेला असे. चिनी भाषेत वैद्यकी करण्याला आजही ‘तुंबा टांगणं’ म्हणतात, ते यावरून. बाजारावर देखरेख करणारा फेइ चांगफांग एका संध्याकाळी माडीवर उभा होता. बाजार उठला, माणसं पांगली, आणि तो म्हातारा टुणकन उडी मारून तुंब्यात शिरला. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी फेइ खाऊपिऊ घेऊन गेला आणि त्याच्या पाया पडला. म्हातारा म्हणाला, उद्या ये. फेइ गेला. म्हाताऱ्याने त्याचा हात धरला आणि दोघे तुंब्यात शिरले. आत प्रशस्त महाल होते, पानं वाढलेली होती, मद्याचे पेले भरलेले होते. दोघे पोटभर जेवले, प्याले, आणि पुन्हा बाजारात येऊन उभे राहिले.